सांगतेची दक्षिणा

नेपरव्हिलमध्ये नवं घर घेतलेल्या मराठी माणसाला दोन फोन करावेच लागत: एक गॅसच्या कंपनीला आणि एक गुरुनाथ वाळिंब्याला. गॅसवाले वेळ देऊन वेळेवर येत नसत. गुरुनाथ मात्र सांगितलेल्या शनिवारी, बर्फ असो की ऊन, सोवळं आणि ताम्हन एका जुन्या लॅपटॉप बॅगेत घालून दारात हजर असायचा. आल्याआल्या तो देवाकडे बघायचा नाही, छताकडे बघायचा. खुर्चीवर चढून धुराच्या अलार्मला न्हाणीघरातली प्लॅस्टिकची टोपी घालायचा, कारण एकदा होमाच्या धुराने आगीचा बंब दारात आणून उभा केला होता आणि आंब्याच्या समिधा काय असतात हे त्या जवानांना समजावता समजावता मुहूर्त निघून गेला होता.

सोमवार ते शुक्रवार हाच माणूस एका विमा कंपनीत डेटाबेस सांभाळायचा. मराठी मंडळातले लोक त्याला थट्टेने 'क्लाउडवाले गुरुजी' म्हणत. त्यालाही ते आवडायचं, तसं तो दाखवायचा नाही.

मूळ पुणतांब्याचा. वडील मोरेश्वरभट गावचे भिक्षुक. त्यांनी मुलाला भिक्षुकीत घातलं नाही, पुण्याला इंजिनियरिंगला घातलं. पण विद्या मात्र पुरी शिकवली. पोटासाठी माणसाने कुठलाही धंदा करावा, मंत्र तेवढे विसरू नयेत, असं त्यांचं म्हणणं. आणि एक ताकीद होती. दक्षिणा मागायची नाही, किती दिली ते यजमानासमोर बघायचं नाही, पण नाकारायचीही नाही. दक्षिणेवाचून कर्माची सांगता होत नाही. नाकारलीस तर यजमानाचं पुण्य अर्ध्यावर अडकतं आणि त्याचं पाप तुला.

अमेरिकेत येऊन गुरुनाथ हे करील असं कोणाच्या, त्याच्याही मनात नव्हतं. पहिल्या वर्षी मंडळाच्या गणपतीला ठरलेले गुरुजी शिकागोच्या वाहतुकीत अडकले आणि कोणीतरी ओरडलं, कोणाला येतं का? गुरुनाथने बाह्या सरसावल्या. त्यानंतर भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी, असं त्याची बायको मीनाक्षी म्हणायची. वास्तुशांती, सत्यनारायण, मुंजी, बारशी. केळीचे खांब मिळत नसत तेव्हा तो शेतकऱ्याकडून मक्याची उंच धाटं आणून चौरंगाला बांधायचा. संकल्पात त्याचे वडील 'गोदावर्याः दक्षिणे तीरे' म्हणायचे, तिथे हा 'ड्युपेजनद्याः तीरे' म्हणायचा. ड्युपेज नदी म्हणजे नेपरव्हिलच्या मधून वाहणारा, बदकांनी भरलेला एक शांत ओढा. पण गुरुनाथच्या तोंडून तिचं नाव आलं की लोक डोळे मिटून घेत. आपण जिथे राहतो ती जागा देवाच्या कानावर गेली असं त्यांना वाटायचं.

आता चूक सांगतो. ती एकच होती आणि ती गुरुनाथसारखाच माणूस करू शकतो. तो ज्या परवान्यावर या देशात राहत होता त्यात फक्त त्या एका विमा कंपनीचं काम करायची मुभा होती. हे त्याला पाठ होतं. शेजाऱ्याने वेबसाइट बनवून देशील का विचारलं तेव्हा त्याने कानाला हात लावले होते. मीनाक्षीला डब्याच्या ऑर्डरी येत होत्या, त्या त्याने घेऊ दिल्या नाहीत. पण पूजा हे काम आहे हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. काम करतात ते वेगळं, पूजा करतात ते वेगळं. दक्षिणा तो पुणतांब्याच्या देवळात नंदादीपाच्या तेलाला पाठवायचा. तरीही सरकारचा वाटा सरकारला गेला पाहिजे म्हणून दर वर्षी कराच्या कागदात ती प्रामाणिकपणे दाखवायचा. असा हा गुन्हेगार.

मंडळात रविवारी मुलांचा संस्कार वर्ग भरे. तिथे एकदा त्याने मुलांना इंग्रजीतून पूजा समजावून सांगितली आणि कोणीतरी तिचा व्हिडिओ करून मंडळाच्या पानावर टाकला. त्यात शेवटी त्याची स्वतःचीच मुलगी रुही, तेव्हा जेमतेम दहा-अकराची, हात वर करून विचारते की बाबा, समजा कोणी दक्षिणा दिलीच नाही तर? गुरुनाथ हसतो आणि म्हणतो, "नो दक्षिणा, नो पूजा." मुलं खिदळतात, मागे उभे असलेले आईबापही हसतात. मोठा गोड व्हिडिओ होता. पुढे तो सगळेच विसरून गेले.

रुही तीन वर्षांची असताना इथे आली. पुण्यातलं तिला काही आठवत नाही. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीतून येतं. आता ती नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती आणि एकविसावं वर्ष संपत आलं होतं. हे वय महत्त्वाचं, कारण एकवीस पूर्ण झाली की मूल बापाच्या कागदांवरून आपोआप गळतं. ग्रीन कार्डाच्या रांगेत गुरुनाथ तिच्या शाळेपासून उभा होता. रांग पुढे सरकत सरकत एकदाची त्याच्यापाशी आली, अर्ज गेला आणि मुलाखतीचं बोलावणं आलं. रुहीचा वाढदिवस त्याच्या नंतर होता. मीनाक्षीने देवापुढे साखर ठेवली. बापाला कार्ड मिळालं की त्याच कागदावर लेकीलाही मिळणार होतं, आणि या घरात त्याहून दुसरं काही कोणी मागत नव्हतं.

मुलाखतीला वकील नेला नाही. खरं बोलायला वकील कशाला, असं गुरुनाथचं मत. समोरची अधिकारी बाई हसतमुख होती. कराचे कागद चाळताना तिने सहज विचारलं की हे इतर उत्पन्न कसलं? वाळिंबे घराण्यात प्रश्नाला अर्धं उत्तर द्यायची पद्धत नाही. गुरुनाथने तिला सत्यनारायणापासून वास्तुशांतीपर्यंत सगळं सांगितलं, सुपारीचा गणपती कसा मांडतात तेही सांगितलं. बाई लिहून घेत होती तसा तो खुलत गेला. तिने विचारलं, हे पैसे लोक स्वखुशीने देतात की द्यावेच लागतात? तो म्हणाला, द्यावेच लागतात. मग विचारलं, हे किती वर्षं चाललंय? तेही त्याने अभिमानाने सांगितलं. घरी येऊन मीनाक्षीला म्हणाला की बाईंना आपल्या धर्मात फार रस होता. याला मराठीत हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

नकाराचं पत्र थंडीच्या सुरुवातीला आलं. परवानगीवाचून काम केलं, आणि सहा महिन्यांपर्यंतची अशी चूक कायदा पोटात घालतो, पण ही वर्षानुवर्षांची आहे, असा त्याचा मथितार्थ. बापाचा अर्ज गेला, त्याबरोबर बायकोचा आणि मुलीचाही गेला. रुहीने ते पत्र उभ्याउभ्या वाचलं, घडी घालून टेबलावर ठेवलं आणि वर खोलीत जाऊन दार लावून घेतलं. गुरुनाथ जिन्याच्या दोन पायऱ्या चढला आणि परत खाली आला.

मग वकील गाठला. प्रीता तिचं नाव, इथेच जन्मलेली मराठी मुलगी. तिच्या आईबापांच्या घराची वास्तुशांती गुरुनाथनेच केली होती. तिने तासभर कागद वाचले आणि त्याच्यासमोर वाटा मांडल्या. वरच्या कचेरीत दाद मागायची सोय या नकाराला नाही. ज्या कचेरीने नाकारलं तिलाच महिन्याच्या आत फेरविचार करायला सांगता येतं, पण त्यासाठी नवा पुरावा हवा. दुसरी वाट म्हणजे गप्प बसून इमिग्रेशनच्या न्यायाधीशापुढे उभं केलं जाण्याची वाट बघायची आणि तिथे पुन्हा मागायचं. त्यात देशाबाहेर काढल्याचा शिक्का बसण्याची भीती. तिसरी म्हणजे देश सोडायचा आणि मुंबईच्या कचेरीतून तेच कार्ड मागायचं. गंमत अशी की तिथे ही पूजेची चूक धरत नाहीत.

"काका, ऑनेस्टली, मुंबई इज युअर सेफेस्ट ऑप्शन," प्रीता म्हणाली. "पण रांग परत मागे गेलीय. तुमचा नंबर पुन्हा लागेपर्यंत रुही एकवीसची होऊन जाईल. यू अँड काकू विल गेट इट. शी वोन्ट."

गुरुनाथने तिसरी वाट तिथल्या तिथे सोडून दिली. लेकीला वाऱ्यावर सोडून स्वतःसाठी कार्ड घ्यायला तो काय करणार होता? दुसरीचा धसका मीनाक्षीने घेतला. राहिली पहिली. नवा पुरावा म्हणजे काय, तर पूजा केलेल्या लोकांनी शपथेवर लिहून द्यायचं की दक्षिणा हा मेहनताना नव्हता, आपखुशीची भेट होती, आणि गुरुनाथने स्वतःही तसंच लिहून द्यायचं.

तो पहिल्यांदा गेला सिद्धेशकडे. सिद्धेश नागपूरचा, गुरुनाथच्याच कंपनीत. त्याच्या घराची वास्तुशांती, त्याच्या जुळ्यांचं बारसं, बाप गेल्यावर तेरावं, सगळं गुरुनाथने केलेलं. बायकोने चहा आणला, पोहे आणले. सिद्धेश कागद हातात धरून राहिला. त्याचा स्वतःचा अर्ज अजून आत होता. सरकारला आपलं नाव अशा कागदावर दिसलं तर आपली फाइल कोणीतरी उघडून बघेल, ही भीती त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेली होती.

"काका, तुम्ही समजून घ्या यार," तो म्हणाला. "माझी पण मुलं आहेत ना."

गुरुनाथला ते समजलं, हेच वाईट. त्याने पोहे संपवले, कारण पानात टाकून उठणं त्याला माहीत नव्हतं. पुढच्या घरांतही थोड्याफार फरकाने हेच झालं. ज्यांच्याकडे कार्डं किंवा नागरिकत्व होतं त्यांनी सह्या केल्या, पण त्या तीनच भरल्या. बाकीच्यांचे फोन हळूहळू लागेनासे झाले. गरज सरो, वैद्य मरो. मीनाक्षी चिडून बोलायची, हा बोलायचा नाही. ज्यांना आपण आशीर्वाद दिले त्यांना शिव्या देता येत नाहीत, ही एक भिक्षुकाची अडचण असते.

मग त्याचा स्वतःचा कागद. प्रीताने इंग्रजीत मसुदा केला होता. दक्षिणा ही ऐच्छिक असते. ती दिली नाही तरी पूजेत काही उणं राहत नाही. मी तसं सर्वांना नेहमी सांगत आलो आहे. गुरुनाथने तो वाचला आणि पेन खाली ठेवलं. प्रीताने विचारलं, काका, हे सगळं खरं आहे ना? खरं नसेल तर आत्ताच सांगा, आपण हे पाठवणार नाही. यातलं एक वाक्य जरी खोटं ठरलं ना, तर मग मुंबईचा रस्तासुद्धा बंद होतो, कायमचा.

तेव्हा तो खिडकीतून बाहेर बघत होता. रुही पार्किंगमध्ये गाडीत बसली होती, खिडकी खाली करून, कानात ते बटण घालून कोणाशी तरी बोलत, हसत. तिला आत यायचं नव्हतं. त्या हसण्याकडे तो बघत राहिला. त्याला मोरेश्वरभट आठवले असतील, नसतील. मला वाटतं आठवले. पण बाप असताना मुलगा असणं फार वेळ जमत नाही.

"हो," तो म्हणाला. "खरं आहे." आणि सही केली.

आयुष्यात तो पहिल्यांदा खोटं बोलला आणि ते शपथेवर बोलला. घरी येऊन त्याने आंघोळ केली. संध्या करायला बसला आणि तसाच उठला. मीनाक्षीने विचारलं तर म्हणाला, पाठ धरली आहे.

उत्तर यायला हिवाळा सरला. ड्युपेजवरचा बर्फ फुटून बदकं परत आली होती तेव्हा आलं. फेरविचार नामंजूर. त्याच्या कारणांत मंडळाच्या पानावरच्या एका व्हिडिओचा उल्लेख होता आणि अर्जदाराचं एक वाक्य अवतरणचिन्हांत दिलं होतं. त्या परक्या, कोरड्या कागदावर ते मराठी-इंग्रजी वाक्य जसंच्या तसं होतं: नो दक्षिणा, नो पूजा. खाली लिहिलं होतं की अर्जदाराने महत्त्वाच्या बाबीत जाणूनबुजून असत्य कथन केलं आहे.

मीनाक्षीने ते मोठ्याने वाचलं आणि वाचून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की रुही स्वयंपाकघरात उभी आहे.

"दॅट्स मी," रुही म्हणाली. "आय आस्क्ड यू दॅट."

गुरुनाथ म्हणाला की अगं, प्रश्न चांगलाच होता. त्याला खरोखर तसंच वाटत होतं. पण रुही रडायला लागली आणि एवढी मोठी मुलगी कशी जवळ घ्यावी हे त्याला कळेना, म्हणून तो तिच्या शेजारी नुसता उभा राहिला.

प्रीताने फोनवर सगळं सांगितलं. तिच्या आवाजात राग होता, आणि त्याखाली दुःख. खोटेपणाचा ठपका पुसला जात नाही. मुंबईतून कार्ड आता मिळणार नाही. पाहुणा म्हणून यायचा व्हिसासुद्धा मिळेल असं ती सांगू शकत नव्हती, बहुधा नाही. खरं बोलून तो मुंबईत रांगेत उभा राहिला असता तर चार-सहा वर्षांनी तरी लेकीच्या देशात परत आला असता. लेकीसाठी खोटं बोलला, तेही लेकीच्या कामी आलं नाही. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती राहिलं धुपाटणं. कंपनीने सभ्य भाषेत कळवलं की परवाना पुढे वाढवून घेणार नाही.

या ठपक्याने परत यायची वाट बंद झाली, हे त्याने मीनाक्षीला सांगितलं. रुहीला सांगितलं नाही, आणि तिला सांगू नकोस असं प्रीतालाही बजावलं.

रुहीपुरती एक वाट उरली होती: विद्यार्थ्याचा परवाना. वाढदिवसाच्या आधी तो हातात पडला, तेवढं नशीब. त्या अर्जात लिहून द्यावं लागतं की शिक्षण संपलं की मी माझ्या देशात, माझ्या घरी परत जाईन. पत्ता काय लिहू, तिने बापाला विचारलं. त्याने पुणतांब्याचा सांगितला. ते घर तिने दोनदा पाहिलं होतं, दुसऱ्यांदा आजोबांच्या दिवसांना. तिने ते अक्षर अक्षर विचारून लिहून घेतलं. गुरुनाथ सांगत गेला आणि मनात म्हणाला की आता घरात खोटं लिहून देणारे दोघं झालो.

राहतं टाउनहाउस विकलं. रुहीने कॉलेजजवळ आणखी दोघींबरोबर एक जागा भाड्याने घेतली. तिच्या वाट्याला खिडकीजवळची खोली आली. आईबापांच्या विमानाच्या आदल्या दिवशी ती म्हणाली की माझ्या खोलीची पूजा करून जा. मीनाक्षीला वाटलं, बापाचं मन राखायला म्हणते आहे. तसं असेलही.

गुरुनाथने लॅपटॉपची ती जुनी बॅग उघडली. खुर्चीवर चढून अलार्मला टोपी घातली. चौरंग नव्हता, म्हणून पुस्तकांचा खोका उलटा घालून त्यावर मीनाक्षीचा नवा टॉवेल अंथरला. तांदळाच्या मुठीवर सुपारी मांडली. रुही ओढणी गुंडाळून मांडी घालून बसली, नर्सिंगच्या मुलींना सवय असते तशी हात कोपरापर्यंत धुऊन. संकल्पाला त्याने तिच्या हातावर पाणी घातलं आणि देश, काल उच्चारू लागला. 'ड्युपेजनद्याः तीरे' त्याने दोनदा म्हटलं. मीनाक्षीने डबा उघडून शिऱ्याचा नैवेद्य पुढे केला. आरती तिघांनीच म्हटली, रुहीला दुसरं कडवं येत नव्हतं तिथे तिने टाळ्या वाजवल्या.

मग रुही उठली, पर्समध्ये शोधलं, आणि विड्याच्या पानाऐवजी पालकाच्या पानावर एक नाणं ठेवून, वर पळीभर पाणी सोडून, दोन्ही हातांनी बापापुढे धरलं. हे तिला कोणी आत्ता शिकवलं नव्हतं. लहानपणापासून शनिवारी त्याच्या मागेमागे जाऊन तिने ते शेकडो घरांत बघितलं होतं.

गुरुनाथचा हात पुढे आला आणि थांबला. त्याने दाराकडे बघितलं. दाराशी कोणी नव्हतं.

"राहू दे," तो म्हणाला.

"यू सेड इट्स नॉट कम्प्लीट, बाबा."

"नाहीच होत पुरी," तो म्हणाला. "ही अपुरीच राहू दे. म्हणजे सांगता करायला मला परत यावंच लागेल."

रुहीने त्याच्याकडे बघितलं. त्या गुरुजी माणसाने आयुष्यभर पूजेबद्दल तिला एकही चुकीची गोष्ट सांगितली नव्हती, तेव्हा तिने मान डोलावली. मीनाक्षी तोंड फिरवून शिऱ्याचा डबा बंद करत बसली, तो काही बंद होईना.

नाणं रुहीने खिडकीच्या कठड्यावर, सुपारीच्या गणपतीशेजारी ठेवलं. मग खुर्ची ओढली आणि बाप म्हातारा झाला म्हणून अलार्मची टोपी तिने स्वतःच चढून काढली.